बायबलमधील माता आणि आजचे ख्रिस्ती पालक: मूल हाताशी असताना काय करावे

पवित्र शास्त्रातील मातांचा विषय निघाला की आपण त्यांच्या प्रेमाविषयी आणि त्यागाविषयी बोलतो, पण त्यांच्या हाती वेळ किती थोडा होता याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. योखबेदने मोशेला तीन महिने लपवले, पुढे दाई म्हणून त्याला दूध पाजले, आणि मूल मोठे होताच त्याला मिसरचा राजा फारो याच्या कन्येच्या स्वाधीन करावे लागले. हन्नेजवळ शमुवेल दूध तुटेपर्यंतच राहिला. मरीयेचा मुलगा बारा वर्षांचा होता तेव्हाच त्याने आपल्या पित्याच्या घराची ओढ तिला बोलून दाखवली. मूल ही देवाने सांभाळायला दिलेली ठेव आहे, हे आपण समर्पणाच्या विधीत मोठ्याने म्हणतो. या स्त्रियांना ते रोज जगावे लागले. म्हणून त्यांच्याकडे पाहताना ‘त्या किती थोर होत्या’ यापेक्षा ‘हाती असलेल्या दिवसांत त्यांनी नेमके काय केले’ हा प्रश्न मला अधिक उपयोगाचा वाटतो. पुढील सूचना आईइतक्याच वडिलांसाठीही आहेत, आणि ज्या मातांकडून चुका झाल्या त्यांच्याकडूनही आपण येथे शिकणार आहोत, कारण शास्त्राने त्या चुका झाकून ठेवलेल्या नाहीत.

मुलासाठी प्रार्थना कशी करावी

सुरुवात हन्नेपासून करावी. शिलो येथे ती इतक्या व्याकूळ मनाने प्रार्थना करत होती की तिचे ओठ हलत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता, आणि एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटली. तिने त्याला नम्रपणे पण स्पष्ट उत्तर दिले, की आपण दुःखी मनाची स्त्री आहोत आणि परमेश्वरासमोर मन मोकळे करत आहोत. मुलांसाठी प्रार्थना करताना आपण बहुधा ठरावीक वाक्ये म्हणतो: चांगले आरोग्य दे, चांगली बुद्धी दे, वाईट संगतीपासून राख. ती चुकीची नाहीत, पण त्यांत आपले खरे भय क्वचितच येते. दिवसातून एकदा, मूल झोपल्यावर, त्याच्याविषयी त्या दिवशी जे खरोखर वाटले ते देवासमोर नाव घेऊन बोलावे. राग आला असेल तर राग, लाज वाटली असेल तर लाज, आणि ज्या गोष्टीचे समाधान वाटले तीही. मुलासमोर मोठ्याने प्रार्थना करताना मात्र त्याच्या चुकांची यादी देवाला ऐकवू नये. मूल ती प्रार्थना ऐकत नाही, बोलणी ऐकते.

मुलगा झाला तर तो परमेश्वराला देईन असा नवस हन्नेने केला आणि तो फेडला, म्हणून काही पालक मूल जन्मताच हा पाळक होणार किंवा ही मिशनरी होणार असे जाहीर करून टाकतात. येथे थोडे थांबून कथा पुढे वाचावी. हन्नेने शमुवेलाला देवाच्या घरी आणून ठेवले, पण त्याला हाक तिने मारली नाही. ती हाक रात्रीच्या शांततेत परमेश्वराने स्वतः मारली, आणि ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ हे उत्तर त्या मुलाने स्वतःच्या तोंडाने दिले (१ शमुवेल ३). देवाचा आवाज जेथे ऐकू येईल तेथे मुलाला नेणे हे पालकांचे काम आहे. तो आवाज काय सांगेल हे आधीच ठरवून ठेवणे त्यांच्याकडे सोपवलेले नाही. मुलाला उपासनेला न्यावे, वचन ऐकवावे, सेवा करणारी माणसे जवळून पाहू द्यावीत, पण आयुष्याचा निर्णय त्याच्या आणि देवाच्या मध्ये मोकळा ठेवावा.

ज्यांना प्रार्थनेसाठी शब्दच सुचत नाहीत त्यांनी शमशोनाच्या आईवडिलांची विनंती वापरावी. मूल होणार हे कळल्यावर मानोहाने देवाला विचारले, की जन्माला येणाऱ्या या मुलाचे आम्ही काय करावे ते आम्हांला शिकव (शास्ते १३). मूल दोन वर्षांचे असो वा सतरा वर्षांचे, ही विनंती दर वर्षी नव्याने करता येते, कारण मूल तेच असले तरी दर वर्षी प्रश्न निराळे असतात.

नदी टाळता येत नाही, पेटारा करता येतो

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मोशेच्या आईचे नावसुद्धा दिलेले नाही. ते सहाव्या अध्यायात वंशावळीत येते. पण तिने काय केले हे मात्र बारकाईने सांगितले आहे. तिने लव्हाळ्याचा पेटारा घेतला, त्याला डांबर आणि राळ लावली, बाळाला त्यात ठेवले आणि तो पेटारा नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवला. ज्या नदीत इब्र्यांचे मुलगे फेकून द्यावेत अशी फारोची आज्ञा होती, तीच ही नदी. मूळ इब्री भाषेत या पेटाऱ्यासाठी वापरलेला शब्द आणि नोहाच्या तारवासाठी वापरलेला शब्द एकच आहे. त्या आईचा विश्वास तिच्या हाताच्या कामात दिसतो. देव राखील असे म्हणून तिने फटी उघड्या ठेवल्या नाहीत, आणि फटी बुजवल्या म्हणून सारे आपल्या हाती आहे असेही मानले नाही.

आपल्या मुलांसमोरची नदी म्हणजे शाळा, मित्र आणि आता प्रत्येकाच्या हातातील मोबाईल. या सर्वांपासून मुलाला कायमचे दूर ठेवण्याचा प्रयत्न बहुतेक घरांत टिकत नाही, आणि टिकला तरी मूल घराबाहेर पडेल त्या दिवशी त्याला पोहता येत नसते. म्हणून पेटारा तयार करावा, म्हणजे थोडे, स्पष्ट आणि सर्वांना लागू असणारे नियम ठरवावेत. रात्री सगळ्यांचे मोबाईल, आईवडिलांचेही, झोपण्याच्या खोलीबाहेर राहावेत. लहान मुलांनी पडद्यावर जे पाहायचे ते घरातल्या वावराच्या जागी पाहावे. काही वाईट दिसले, कोणी काही घाणेरडे पाठवले, तर ते सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही, असे वचन मुलाला आधीच द्यावे आणि ते पाळावे. माझ्या मते या तिसऱ्या नियमाला सर्वांत जास्त महत्त्व आहे, कारण बाकीचे नियम मोडले गेले तरी हा एक शाबूत असेल तर मूल परत आपल्याकडेच येते.

या कथेत मिर्यामही आहे. मोशेची बहीण दूर उभी राहून त्याचे काय होते ते पाहत होती, आणि योग्य क्षणी पुढे होऊन राजकन्येशी बोलली. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत पालकांना ‘दूर उभे राहणे’ शिकावे लागते: दिसेल इतके जवळ, पण पेटाऱ्यात शिरून बसण्याइतके नाही. मोठ्या भावंडांना धाकट्यांची जबाबदारी द्यावी तीही मिर्यामला दिली तेवढीच, म्हणजे लक्ष ठेवण्याची आणि हाक मारण्याची. संगोपनाचे ओझे त्यांच्यावर टाकू नये.

मग राजकन्येने मुलाला पाजण्यासाठी त्याच्याच आईला वेतन देऊन ठेवले. त्या काळात आईने त्याला काय सांगितले हे शास्त्र सांगत नाही. एवढेच सांगते, की राजवाड्यात वाढलेला मोशे मोठा झाल्यावर आपल्या भाऊबंदांकडे गेला आणि त्यांचे कष्ट त्याने पाहिले. गुलामांना ‘आपले’ म्हणण्याइतपत काहीतरी त्याच्या मनात रुजलेले होते. लहान मुलाला आपण कोणाचे आहोत हे शिकवायला उपदेश लागत नाही; तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे, झोपताना तेच गीत म्हणणे, ‘तू देवाचा आहेस आणि आमचाही आहेस’ हे रोज त्याच शब्दांत म्हणणे पुरते. पालकांना पुनरावृत्तीचा कंटाळा येतो, लहान मुलांना येत नाही.

घरातील शिक्षण: लोईस आणि युनीके

प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्या आजीचा, लोईसचा, आणि आईचा, युनीकेचा, उल्लेख आहे. दोघींत जो निष्कपट विश्वास होता तोच तीमथ्यात आहे अशी पौलाची खात्री होती, आणि तीमथ्याला बालपणापासून पवित्र शास्त्राची ओळख होती असेही तो लिहितो. प्रेषितांची कृत्ये १६ वरून कळते, की त्याची आई विश्वास ठेवणारी यहुदी स्त्री होती, तर वडील हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होते. म्हणजे आईवडिलांचा एकच विश्वास असलेले ते घर बहुधा नव्हते. जोडीदार विश्वासात नाही, किंवा आहे पण त्याला रस नाही, म्हणून ज्या पालकांना एकटे वाटते त्यांनी हे घर जवळून पाहावे.

अशा घरात पहिला नियम हा की मुलासमोर जोडीदाराला कमी लेखू नये. ‘बाबांना देवाचे काही पडलेले नाही’ हे वाक्य मुलाला देवाजवळ आणत नाही. त्याला दोन प्रेमांपैकी एक निवडायला लावते. दुसरे, मदत मागावी. युनीकेला लोईस होती. तुमच्याकडे आजी नसेल तर मंडळीतील एखादी वडीलधारी व्यक्ती मुलासाठी आजीसारखी होऊ शकते, मात्र ती पालकांच्या ओळखीची व खात्रीची असावी आणि भेटी सर्वांसमोर असाव्यात.

शिकवण्याची पद्धत ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात दिली आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना वचनांविषयी बोलत जावे. वर्गाची वेगळी वेळ तेथे सांगितलेली नाही. प्रत्यक्षात ते असे करता येईल. एक गोष्ट आठवडाभर घ्यावी, रोज नवी नको. पहिल्या दिवशी ती वाचावी, दुसऱ्या दिवशी मुलाने ती सांगावी, पुढच्या दिवसांत कधी वाटेत, कधी जेवताना तिच्याविषयी एखादा प्रश्न विचारावा: या गोष्टीत देव कसा दिसला, कोणाचे वागणे तुला आवडले नाही, तू तेथे असतास तर काय केले असतेस. उत्तर चुकले तरी लगेच सुधारू नये. मुलाने अवघड प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे, आणि दोघांनी मिळून शोधावे. लहान मुलांसोबत दहा मिनिटे पुष्कळ झाली. त्याहून लांबलेली कौटुंबिक प्रार्थना मोठ्यांच्या समाधानासाठी असते असे माझे स्पष्ट मत आहे, आणि मुलांना ते कळते.

पौलाने वापरलेला ‘निष्कपट’ हा शब्द विसरू नये. उपासनेहून घरी येताना वाटेतच कोणाची तरी निंदा सुरू झाली, तर त्या दिवसाचा सर्वांत स्पष्ट ऐकू आलेला उपदेश तोच ठरतो. चूक झाली की मुलाची क्षमा मागावी, साध्या शब्दांत आणि ‘पण तूही’ न जोडता.

रिबकेच्या घरात काय बिघडले

पक्षपाताविषयी शास्त्रात एकाच वचनात सारे सांगितले आहे: इसहाकाला एसाव प्रिय होता, कारण त्याने आणलेल्या शिकारीचे मांस तो खाई, पण याकोब रिबकेला प्रिय होता (उत्पत्ती २५:२८). वडिलांच्या प्रेमाचे कारण दिले आहे आणि ते किती क्षुल्लक आहे हे वाचताना मन खिन्न होते. आपली कारणेही बहुधा अशीच असतात: एक मूल आपल्यासारखे दिसते, एक कमी त्रास देते, एकाचे गुण नातेवाइकांना सांगायला बरे वाटतात.

रिबका श्रद्धाहीन स्त्री नव्हती, म्हणूनच तिची कथा पालकांनी गांभीर्याने घ्यावी. गरोदरपणात पोटातील मुले झगडू लागली तेव्हा ती स्वतः परमेश्वराला विचारायला गेली होती, आणि वडील धाकट्याची सेवा करील हे उत्तर तिला मिळाले होते. पण वर्षांनंतर, इसहाक एसावाशी त्याला आशीर्वाद देण्याविषयी बोलत असताना तिने ते आडून ऐकले आणि नवऱ्याशी बोलण्याऐवजी याकोबाला बोलावून, तो वडिलांना केसाळ एसाव वाटावा म्हणून त्याच्या हाताला व मानेला करडांची कातडी बांधली. देवाचे वचन पूर्ण व्हावे म्हणून तिने मुलाला वडिलांशी खोटे बोलायला लावले. शाप आलाच तर तो माझ्यावर येवो, असेही ती म्हणाली. मग एसावाच्या रागापासून वाचवण्यासाठी तिने याकोबाला काही दिवस लाबानाकडे जाऊन राहा म्हणून सांगितले. ते काही दिवस वीस वर्षे झाले, आणि आईची व त्या लाडक्या मुलाची पुन्हा भेट झाल्याचे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. पुढे याकोबानेही आपल्या मुलांपैकी योसेफावर अधिक प्रेम केले, त्याला खास झगा करून दिला, आणि ज्या घरात हा पक्षपात त्याने स्वतः भोगला होता त्याचीच छाया आपल्या मुलांवर पडू दिली.

यापासून वाचण्यासाठी पालकांनी अधूनमधून शांत बसून काही प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत. गेल्या महिन्यात कोणत्या मुलासोबत मी एकटा किंवा एकटी वेळ घालवला? कोणत्या मुलाच्या चुकीला मी ‘स्वभाव’ म्हणतो आणि कोणाच्या त्याच चुकीला ‘उद्धटपणा’? ‘हे तुझ्या बाबांना सांगू नकोस’ असे मी मुलाला कितीदा म्हटले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अवघड जात असेल तर मुलाशी बोलण्याआधी जोडीदाराशी बोलावे, कारण इसहाक आणि रिबका यांच्या घरात खरी फट आधी त्या दोघांमध्ये पडलेली दिसते. भावंडांची तुलना करणारे वाक्य तोंडातून निघालेच, तर त्याच दिवशी ते मागे घ्यावे. सर्व मुलांना सारखे वागवणे शक्य नसते, कारण त्यांच्या गरजा सारख्या नसतात. पण प्रत्येकाला ‘माझ्यासाठीही वेळ आहे’ असे वाटले पाहिजे.

येशूचे दोन शिष्य असलेल्या जब्दीच्या मुलांच्या आईविषयी येथेच थोडे सांगतो. तिने आपल्या दोन्ही मुलांसाठी प्रभूच्या राज्यात उजवी-डावीकडची आसने मागितली, आणि प्रभूने विचारले, की जो प्याला मी पिणार आहे तो तुम्हांला पिता येईल काय. मुलासाठी मोठी जागा मागण्यापूर्वी त्या जागेची किंमत मुलाला द्यावी लागेल, आपल्याला नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावे. याच स्त्रीचा उल्लेख मत्तय पुढे वधस्तंभ दुरून पाहणाऱ्या स्त्रियांत करतो, ही गोष्ट तिच्याविषयी आदर वाढवणारी आहे.

थकलेल्या आणि एकट्या पालकासाठी

अब्राहामाची दासी हागार हिला भाकरी आणि पाण्याची मसक देऊन मुलासह घराबाहेर काढले गेले. बैर-शेबाच्या रानात पाणी संपल्यावर तिने मुलाला एका झुडपाखाली टाकले आणि बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसली, कारण त्याचे मरण तिला पाहवेना. त्या अंतरात निर्दयता नाही. शक्ती संपल्यावर आई किंवा बाप मुलापासून असे दूर जाऊन बसतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ठाऊक आहे. देवाने तिला दोष दिला नाही. त्याने मुलाचा आवाज ऐकला, तिला काय झाले ते विचारले, मुलाला उचलून हाताशी धर असे सांगितले, आणि मग तिचे डोळे उघडले तेव्हा तिला पाण्याची विहीर दिसली.

या क्रमाचे पालन करता येते. अगदी थकलेल्या क्षणी मुलाला सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटे बाजूला होणे हे पाप नाही. मग कोणालातरी काय झाले ते सांगावे: पाळकांना, मैत्रिणीला, भावाला, आणि निराशा आठवडे टिकत असेल तर डॉक्टरांनाही. डॉक्टरांकडे जाणे हा विश्वासाचा अभाव नाही. मंडळीनेही एकट्या पालकाला फक्त प्रार्थनेचे आश्वासन देऊ नये. एखाद्या संध्याकाळी मूल सांभाळणे ही त्याच्यासाठी विहीर असू शकते.

मनात ठेवणे आणि मागे सरकणे

लूकने मरीयेविषयी दोनदा लिहिले आहे, की तिने सर्व गोष्टी आपल्या मनात ठेवल्या: एकदा मेंढपाळ येऊन गेल्यावर, आणि दुसऱ्यांदा बारा वर्षांचा येशू यरुशलेमेच्या मंदिरात सापडल्यावर. दुसऱ्या प्रसंगी तिने आधी आपले दुःख बोलून दाखवले: तू आमच्याशी असा का वागलास, आम्ही कष्टी होऊन तुझा शोध करत होतो. मुलाचे उत्तर आईवडिलांना समजले नाही, असे लूक स्पष्ट सांगतो. तरी तिने त्याला चारचौघांत खोटे पाडले नाही. आपले मूल काही वेगळे बोलू लागले, प्रश्न विचारू लागले, तर पालकांनी हाच क्रम ठेवावा: आपल्याला काय वाटले ते सांगावे, त्याचे ऐकावे, आणि समजले नाही ते मनात राहू द्यावे. मुलाच्या आध्यात्मिक गोष्टी, त्याच्या शंका, त्याने रडत केलेली प्रार्थना, हे सारे त्याच्या परवानगीशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नये आणि साक्ष म्हणूनही मंडळीत सांगू नये.

काना येथील लग्नात मरीयेने द्राक्षारस संपल्याचे येशूला सांगितले आणि नोकरांना म्हणाली, तो तुम्हांला जे काही सांगेल ते करा. मोठ्या मुलाच्या बाबतीत एवढेच करता येते: गरज दाखवावी आणि बाजूला व्हावे. पुढे तिचा मुलगा तिच्या अपेक्षेबाहेरच्या वाटेने गेला, वधस्तंभापर्यंत गेला, आणि ती तेथे उभी होती. प्रेषितांची कृत्ये पहिल्या अध्यायात ती शिष्यांसोबत प्रार्थनेत दिसते.

मूल विश्वासापासून दूर गेले असेल तर पालक सर्व दोष स्वतःवर घेतात. त्यांना शमुवेलाची आठवण द्यावीशी वाटते. त्याचे मुलगे लाच घेणारे निघाले आणि त्याच्या मार्गाने चालले नाहीत (१ शमुवेल ८). एलीला मुलांना न आवरल्याबद्दल देवाने दोषी ठरवले, पण शमुवेलाविषयी तसा शब्द शास्त्रात नाही. अशा मुलासाठी, आपल्या मुलीकरता येशूकडे मागणे न सोडणाऱ्या कनानी स्त्रीप्रमाणे, मागत राहावे, आणि घराचे दार उघडे ठेवावे. प्रत्येक भेटीत उपासनेचा विषय काढला तर भेटी कमी होत जातात.

शिलोला ठेवलेल्या मुलासाठी हन्ना दर वर्षी एक लहान झगा करून नेत असे. पुढे तिला आणखी तीन मुलगे व दोन मुली झाल्या, तरी वार्षिक यज्ञासाठी नवऱ्याबरोबर ती जाई तेव्हा झगा सोबत असेच. वर्षभर न पाहिलेल्या मुलाचे माप तिला अंदाजानेच घ्यावे लागत असणार. वसतिगृहात, दुसऱ्या शहरात किंवा परदेशात असलेल्या मुलाला फोन करताना, पत्र पाठवताना किंवा भेटायला जाताना पालकांनीही आधी हाच विचार करावा: गेल्या वेळेपासून तो किती वाढला असेल, त्याला आता काय लागत असेल, आणि आपण नेत आहोत ते त्याच्या आजच्या मापाचे आहे की जाताना होता त्या मापाचे.